त्या रात्री ढग नव्हते

२१ ऑक्टोबर

मावशी,

फोन करणार होते, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी रडते. मला आत्ता रडायचं नाहीये. कुणाचं तरी डोकं फोडायचंय, आणि ते करता येत नाही म्हणून पत्र लिहितेय.

तुला सांगितलं होतं ना, या सत्रात आकाशनिरीक्षणाचा विषय आहे आणि लेखी परीक्षेऐवजी चौघाचौघांच्या गटाने खरंखुरं संशोधन करायचंय? आमच्या वाट्याला एक लघुग्रह आलाय. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगड. दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो. हा दगड स्वतःभोवती एक गिरकी किती वेळात घेतो ते आम्ही शोधायचं. दगड असतो बटाट्यासारखा लांबट. त्याची रुंद बाजू आपल्याकडे आली की उजेड वाढतो, टोक आलं की कमी होतो. म्हणून रात्रभर त्याचे फोटो काढायचे, प्रत्येक फोटोतला उजेड मोजायचा आणि त्याची लाट काढायची. आमच्या लाटा पाच-पाच तासांनी येतात.

आता भांडण कशावरून ते नीट वाच. बटाटा एकदा पूर्ण फिरला तर त्याच्या दोन्ही रुंद बाजू दिसतात, म्हणजे एका गिरकीत दोन लाटा. मग गिरकी दहा तासांची. पण दगडाची एकच बाजू उजळ असेल तर एका गिरकीत एक लाट, आणि गिरकी पाच तासांची. ठरवायचं कसं? लागोपाठच्या दोन लाटा शेजारी ठेवून बघायच्या. एकीचा माथा दुसरीपेक्षा उंच निघाला तर त्या दोन वेगळ्या बाजू. विषय संपला.

बाकीच्या सगळ्या रात्री ढगांनी अर्ध्यावर कापल्या. माझ्या पाळीच्या रात्री मात्र दोन्ही लाटा आख्ख्या मिळाल्या, आणि दुसरी उंच आहे. म्हणजे दहा तास!

पण आमचा कप्तान (त्याला कुणी केला नाही, तो आपला आपणच झाला) विषय शिकवणाऱ्या मॅडमना आधीच पाच सांगून बसलाय. तो म्हणाला, त्या रात्री पातळ ढग असणार, म्हणून पहिली लाट दबली. ही रात्र धरायची नाही. मी म्हटलं, मी दुर्बिणीच्या घुमटाबाहेर गच्चीवर उभी होते, आकाश लख्ख होतं. तर म्हणतो, "डोळ्यांना पातळ ढग दिसत नाहीत. आणि तू जरा भावनिक होतेयस."

भावनिक! मी आकडे दाखवत होते, मावशी. चष्मिसने, म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं जी करते तिने, माझ्याकडे न बघता ती रात्र यादीतून उडवली. चौथा आहे मौनी. तो कधीच बोलत नाही, त्या दिवशीही खिडकीकडे बघत बसला. सगळ्यात चांगल्या गटाला उन्हाळ्यात मोठ्या वेधशाळेत काम करायला मिळणार आहे, म्हणून ही घाई.

तळपायाची आग मस्तकात गेलीय. तुझ्या संघातल्या मुलींचं काय? व्हॉलीबॉलचे सामने जवळ आले असतील ना?

तुझी,
ठिणगी


२७ ऑक्टोबर

ठिणगे,

भावनिक म्हणाला? आणि तू ऐकून घेतलंस?

तुझं ते बटाट्याचं मी दोनदा वाचलं. स्वयंपाकघरातून एक बटाटा आणून दिव्यासमोर फिरवूनही बघितला. मला पटलं. दहा तासच. त्या कप्तानाने कधी हातात बटाटा धरला नसेल.

मैदानावर चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे जो रेषेवर उभा असतो तो सांगतो. लांब खुर्चीत बसलेल्याने "मला वाटतं बाहेर पडला असेल" म्हणायचं नसतं. तू रेषेवर होतीस. तुझा आवाज कमी पडला एवढंच. तू तुझ्या आईवर गेली आहेस. ताई चिडली की भांडी घासते. तू तसं करू नकोस. पुढच्या बैठकीत उभी राहून बोल. तुझं म्हणणं संपेपर्यंत कुणाला मध्ये तोंड घालू देऊ नकोस. टेबलावर हात आपटलास तरी चालेल, टेबलाला लागत नाही.

गोड बोलून माणसाला बाजूला सारायची ही पद्धत मला चांगली ठाऊक आहे. आधी म्हणतात तुमचा अनुभव मोठा. मग म्हणतात पण. त्या "पण"च्या पुढचं कधी ऐकून घ्यायचं नाही.

मुली ठीक आहेत. सराव चालू आहे.

त्या विभागाच्या प्रमुखाचं नाव काय म्हणालीस मागे?

मावशी


९ नोव्हेंबर

मावशी,

तू विभागप्रमुखांना पत्र लिहिलंस.

मला न विचारता, टाइप करून, खाली सही ठोकून, रजिस्टर पोस्टाने.

परवा दुपारी त्यांनी आम्हा चौघांना आणि मॅडमना खोलीत बोलावलं आणि ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं. "माझ्या भाचीच्या डोळ्यांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत." "हे विद्यापीठ आहे की पोरांचा कट्टा?" तो बटाटासुद्धा! बटाट्यावर आले तेव्हा प्रमुखांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून वाचलं. चष्मिस जमिनीकडे बघत होती. कप्तान हसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुझी तक्रार होती तर माझं दार उघडं होतं. घरच्यांना कशाला आणलंस?" मी आणलं नाही म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. का वाटावं? बैठकीत मी टेबलावर हात आपटला होता. तुझं ऐकून. दोन वेळा. कप्तानही ओरडला, मीही ओरडले, शेवटी शेजारच्या वर्गातून कुणीतरी येऊन दार लावून गेलं.

आता मी गटात नाही. मॅडमनी मला वेगळं काम दिलंय, एकटीचं. एका ताऱ्याचा उजेड रोज संध्याकाळी मोजायचा. ते तिघं पाच तासच लिहिणार आणि खाली माझं नाव नसणार. माझी रात्र गेलीच होती, आता मीही गेले.

मी एकोणीस वर्षांची आहे. माझं भांडण माझं होतं. हरले असते तर माझं मी हरले असते. आता सगळा विभाग मला "बटाटा" म्हणतो.

मला यापुढे लिहू नकोस.


१४ नोव्हेंबर

ठिणगे,

लिहू नकोस म्हणालीस. लिहिणार. वाचायचं नसेल तर फाड.

रजिस्टर पोस्ट नव्हतं, कुरियर होतं.

तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. आणि त्या पत्रातला एक शब्द मी मागे घेणार नाही. माणूस राबतो, उन्हातान्हात, थंडीत, रात्री-अपरात्री. आणि काम उभं राहिलं की कुणीतरी इस्त्रीचे कपडे घालून येतो आणि म्हणतो, आता तुम्ही जरा बाजूला व्हा, संघाच्या भल्यासाठी. आणि बाकीचे खाली बघतात. ज्यांना आपण हाताला धरून शिकवलं तेसुद्धा खाली बघतात. हे बघून मी गप्प बसू? माझ्याच्याने होणार नाही. तू चिडलीस तर चीड.

मॅडमबाईंना सांग, दार उघडं असून उपयोग नसतो, आत कुणी ऐकणारं लागतं.

थंडी वाढली असेल. गच्चीवर कानाला बांधून जात जा.

मावशी


३० डिसेंबर

ठिणगे,

ताई म्हणाली तू सुट्टीत येत नाहीस. अभ्यास आहे म्हणे. मी आहे म्हणून येत नाहीस, हे मला कळतं. मी त्या आठवड्यात तुमच्याकडे फिरकणार नाही. तू ये, आईच्या हातचं खा आणि जा.

एवढंच.

मावशी


१९ जानेवारी

मावशी,

दोन गोष्टी सांगायच्यात. दोन्ही सांगताना मी चिडलेली आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

पहिली. मी चुकले होते.

मला दिलेला तारा मोजून झाला की दुर्बीण थोडा वेळ रिकामी असते. मागच्या आठवड्यात मला काय सुचलं कोण जाणे, मी माझ्या त्या रात्रीच्या ताऱ्यांचा नकाशा उघडला. जिथे दुसऱ्या लाटेचा माथा आला होता, तेव्हा दगड आकाशात नेमका कुठे होता ते काढलं. नकाशात तिथे एक तारा आहे. अगदी मिणमिणता. आमच्या फोटोत एकटा दिसलाच नसता. खात्री करायची म्हणून संध्याकाळी पश्चिमेला तो भाग उतरायच्या आत दुर्बीण तिकडे वळवली आणि कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला. दगड केव्हाच पुढे निघून गेलाय. ती जागा रिकामी असायला हवी होती. तिथे तारा आहे.

म्हणजे त्या रात्री दगड त्या ताऱ्यावरून जात होता, मावशी. दोघांचा उजेड मी एकाचा म्हणून मोजला. दुसरी लाट उंच नव्हतीच. मी टेबल आपटून जे सांगत होते ते खोटं होतं.

आणि राग कशाचा येतोय माहितेय? ढग नव्हतेच! त्याबाबतीत मी बरोबर होते. कप्तानाने नसलेला ढग आणला आणि मी नसलेली लाट. नकाशा उघडायला पाच मिनिटं लागली असती. कुणी उघडला नाही. आम्ही ओरडत होतो. आणि त्यांचे पाच तासही सिद्ध होत नाहीत, कारण लाटा सारख्या असल्या तरी दगडाच्या दोन्ही बाजूच सारख्या असू शकतात, आणि उरलेल्या अर्धवट रात्रींवरून काहीच ठरवता येत नाही. तरी पुढच्या आठवड्यात सगळ्या विभागासमोर ते ठणकावून पाच सांगणार आहेत. हा तारा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी गप्प बसले तर बसले.

दुसरी गोष्ट. आईने काल फोनवर सांगितलं. ऑक्टोबरात शाळेने तुझा संघ काढून नव्या क्रीडाशिक्षकाला दिला. तुला "सल्लागार" म्हणून हार घातला आणि घरी पाठवलं. आणि तू मला लिहिलंस, "मुली ठीक आहेत, सराव चालू आहे."

ज्या आठवड्यात तुझी शिट्टी काढून घेतली त्याच आठवड्यात तू माझ्या प्रमुखांना पत्र लिहिलंस. ते पत्र त्यांना नव्हतंच. ते तुझ्या मुख्याध्यापकांना होतं. पत्ता तेवढा माझा घातलास. आणि शिक्षा मी भोगली.

हे मला का नाही सांगितलंस?


२४ जानेवारी

ठिणगे,

सांगितलं नाही कारण तू ताईसारखी हळहळली असतीस. हळहळ मला सहन होत नाही. अंगावर ओलं कापड टाकल्यासारखं होतं.

हो. झालं तसं. पत्र लिहायला बसले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मी तपासलं नाही. तू म्हणतेस तसंच असेल. पण तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं असं मात्र म्हणू नकोस. दोन्ही होतं. माणसाच्या पोटात एका वेळी एकच राग मावतो असं थोडंच आहे?

हार प्लास्टिकचा होता. ताईने ते सांगितलं का?

आता त्या ताऱ्याचं. गप्प बस. स्पष्ट सांगते, गप्प बस. त्यांनी तुला बाहेर काढलं, तुझं नाव पुसलं. आता तू होऊन त्यांच्या हातात आयतं हत्यार देणार? "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणून नाचतील. त्यांनी पाच सांगू देत. कधीतरी कुणीतरी शहाणा येईल आणि त्यांचे वाभाडे काढेल. त्या दिवशी पेढे नको वाटूस, पण झोप चांगली लागेल.

मीही तेच करतेय. संघात एक उंच पोरगी आहे, बगळी म्हणतात तिला. तिचा घोटा मागच्या वर्षापासून दुखावलेला आहे. ती कुणाला कळू देत नाही, उडी मारून खाली आली की दात आवळते. मला माहीत आहे. नव्या साहेबांना माहीत नाही. त्यांनी विचारलेलं नाही. मी सल्लागार आहे ना? सल्ला मागितला की देईन.

मावशी


६ फेब्रुवारी

मावशी,

मी सांगितलं.

तुझं पत्र वाचून आधी ठरवलं होतं, गप्पच बसायचं. मागच्या रांगेत जाऊन बसले. कप्तानाने छान इस्त्रीचा सदरा घातला होता (तुझी आठवण झाली). पडद्यावर आमच्या लाटा, आणि खाली मोठ्या अक्षरात पाच तास. मग तो म्हणाला, "एका रात्रीची नोंद सदोष असल्याने वगळली आहे." सदोष. तारा नसता सापडला तरी मी उठले असते, एवढा राग आला होता.

उठले. म्हटलं, "ती रात्र माझी आहे. ती चुकीची आहे हे खरं, पण तुम्ही म्हणता त्या कारणाने नाही. ढग पहिल्या लाटेला दाबत असता तर शेजारचे तारेही मंदावले असते. ते मंदावले नाहीत. दुसऱ्या लाटेखाली एक तारा आहे. तो माझ्या नजरेतून सुटला. त्या रात्रीवरून मी दहा म्हणत होते ते चूक होतं."

कप्तान म्हणाला, "म्हणजे आमचं बरोबर होतं."

"नाही. तुम्हाला पाच आहे की दहा ते माहीत नाही. मलाही माहीत नाही."

"मग चार महिने आपण काय केलं?"

"दोन महिने मोजलं. आणि दोन भांडलो."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझे फोटो पडद्यावर मागवले, त्या रात्रीचा आणि जानेवारीतला, दोन्ही शेजारी लावून ताडून बघितले. आणि मग, मावशी, मौनी बोलला. आम्ही तिघांनी त्याचा आवाज पहिल्यांदा एवढा ऐकला. तो म्हणाला, "मला तो तारा ऑक्टोबरातच दिसला होता. नकाशात."

मी त्याच्यावर धावूनच गेले. म्हटलं, "ऑक्टोबरात? आणि तू गप्प बसलास? माझं नाव गेलं, तू खिडकीबाहेर बघत होतास!"

तो घाबरला नाही. म्हणाला, "तीनदा तोंड उघडलं. तू हात आपटत होतीस, हा ओरडत होता. तुमच्यापैकी कुणी माझ्याकडे बघितलं तरी का? आणि त्या पत्रानंतर कोण बोलणार? मला वाटलं, माझ्याही घरचे मध्ये ओढले जातील."

मी परत जागेवर जाऊन बसले. त्याचा राग येतो, फार येतो. त्याने बोलायला हवं होतं. पण मी टेबल आपटलं त्या बैठकीत तो कुठे बसला होता तेसुद्धा मला आठवत नाही, तू विचारशील तर.

निकाल असा: वेधशाळेत दुसरा गट जाणार. आमचं काम मॅडमनी परत दिलं. चौघांनी मिळून नव्याने लिहायचं, "पाच की दहा ते या नोंदींवरून ठरवता येत नाही" असं शेवटी म्हणायचं, आणि चौघांची नावं. कप्तान माझ्याशी फक्त आकड्यांत बोलतो. "बारावा फोटो." "काढला." एवढंच. मी मॅडमना एकटीने जाऊन सांगितलं की ते पत्र मी लिहायला लावलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता कळलं. पण टेबल तूच आपटलं होतंस ना?" हो म्हटलं.

तू गप्प बस म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. वाटलं तर चीड.

ठिणगी


२० फेब्रुवारी

ठिणगे,

चिडले. मग जेवले. मग परत वाचलं आणि त्या मौनीवर चिडले. मग माझ्यावर. फार वेळ नाही.

तुझं पत्र वाचून मी गेले असं समजू नकोस. जाणारच होते. बाजारात त्या बाजूला काम होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानावर गेले. नवे साहेब मुलींना उड्या मारायला लावत होते. मी सरळ मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "या उंच मुलीचा डावा घोटा खराब आहे. उद्या हिला खेळवाल तर पाय जाईल." साहेब म्हणाले, "बाई, तुमचा आता संबंध नाही." मी म्हटलं, "संबंध नाही म्हणूनच सांगतेय. संघ माझा असता तर उद्या मी हिला बाकावर बसवलं असतं." बगळी ओरडली, "बाई खोटं बोलतात! मला काही झालेलं नाही!" साहेब माणूस वाईट नाही, हे लिहिताना माझा जीव जातोय. त्यांनी तिला एका पायावर उभं राहायला सांगितलं. ती राहिली. मग उडी मार म्हणाले. तिने मारली आणि खाली येताना मला बघायचं नव्हतं ते तोंड केलं. साहेबांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती बाकावर होती. मुली हरल्या. मी कुंपणाबाहेर उभी होते. पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चांगली गार हवा लागावी तसं वाटलं. मग धाकट्या मुली रडायला लागल्या आणि ते टिकलं नाही. जाळीशेजारी दोन आया मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "स्वतःला काढलं म्हणून संघ बुडवला." मुख्याध्यापकांनी नमस्कारही केला नाही. सल्लागारपण गेलं. प्लास्टिकचा हार मी परत पाठवून दिला. कुरियरने.

राग कमी झालेला नाही. तुला वाटत असेल की खरं सांगितलं की हलकं वाटतं, तर मला तसं काही वाटलं नाही. तू सांगितलंस तेव्हा तुला वाटलं का? तेवढं कळव.

बगळी माझ्याशी बोलत नाही. काल औषधांच्या दुकानासमोर समोरून आली. मला बघून मान फिरवली आणि रस्ता ओलांडून गेली. मी तिथेच थांबून तिचा पाय बघत राहिले. लंगडत नव्हती.

मावशी